दोन कपाटें

जुन्या काळीं कुटुंबाची ऐपत त्याच्या कोठीवरून ओळखीत आणि त्याचा स्वभाव माळ्यावरून. कोठींत काय आहे हें घरच्या बाईस तोंडपाठ असे. माळ्यावर काय आहे हें मात्र कोणासच सांगतां येत नसे. मोडका पाळणा, तळ गेलेली घागर, कोणा आजोबांच्या चष्म्याची बिनकांचेची चौकट अशा वस्तू तेथें वर्षानुवर्षें पडून रहात, आणि घर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे मगच काय ठेवावें व काय टाकावें याचा विचार सुरू होई. आम्ही आतां पुण्यांत एका सदनिकेंत राहतों. आम्हांस कोठी नाहीं आणि माळाही नाहीं. परंतु दोहोंचें काम करणारी एक काळी पेटी आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, वाय-फायच्या राउटरशेजारीं, २०१४ सालापासून गुरगुरत बसलेली होती. गेल्या आषाढांत ती आजारी पडली. तिच्या आजारपणांत आम्हांस ज्या गोष्टी कळल्या, त्या आमच्यासारख्या इतर कुटुंबवत्सल वाचकांच्या उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

या पेटीस जाणते लोक 'नॅस' म्हणतात. घरांतील सर्व संगणकांनीं आणि फोनांनीं आपलें सामान जिच्यांत ठेवावें व लागेल तेव्हां जिच्यांतून मागून घ्यावें, अशी ती सामाईक तिजोरी असते. आमच्या पेटींत तीन-तीन टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क होत्या. मुलीच्या बारशापासूनचीं छायाचित्रें, आजोबांच्या पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, प्राप्तिकराचे कागद, कोणी पुन्हां कधींही न पाहिलेलीं सहलींचीं चलच्चित्रें असें सर्व कांहीं त्यांत होतें. आणि आमच्या आईच्या ओव्या होत्या. १९८७ सालीं घरांतील एका लग्नांत हळद दळतांना आई आणि मावशी जात्याशीं बसून ओव्या म्हणत होत्या; त्या आम्हीं कॅसेटवर टिपून घेतल्या होत्या. २००९ सालीं ती चाळीस मिनिटांची कॅसेट आम्हीं संगणकावर उतरविली. २०११ सालीं आई गेली. तिचा आवाज दुसऱ्या कशांतही राहिलेला नाहीं.

आषाढांतील त्या रात्रीं वीज दोनदां गेली आणि आली. तिसऱ्या खेपेस ती आली तेव्हां पेटीनें कर्कश शीळ घालण्यास सुरुवात केली. चार हिरव्या दिव्यांपैकीं एक तांबडा झाला होता. संगणकावर पाहिलें, तों दुसऱ्या क्रमांकाची डिस्क निकामी झाली असून सामान तूर्त शाबूत आहे, परंतु डिस्क त्वरित बदलावी, असा निरोप होता. शिवाय ज्या कारखानदारानें ही पेटी केली त्यानें त्या जातीच्या पेट्यांस नवें सॉफ्टवेअर देणें कांहीं वर्षांपूर्वींच बंद केलें असल्याचेंही त्याच वेळीं आमच्या ध्यानांत आलें. म्हणजे एक इंद्रिय निकामी झालेलें आणि वैद्यानें पाठ फिरविलेली, अशी रोग्याची अवस्था होती.

एक डिस्क गेली असतां सामान शाबूत कसें राहिलें, हें सांगितल्यावांचून पुढील गोष्ट नीट कळणार नाहीं. १९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी व महाग डिस्क घेण्याऐवजीं अनेक लहान व स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्या, आणि त्यांतील एखादी दगावली तरी काम अडूं नये एवढी जास्तीची नोंद ठेवावी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. या योजनेस त्यांनीं 'रेड' असें नांव दिलें. तिच्या अनेक प्रकारांपैकीं पांचवा प्रकार आमच्या पेटींत होता. समजा, वहींत तीन रकमा लिहिल्या आणि चौथ्या ओळींत त्यांची बेरीज मांडली. पुढें एखादी रक्कम पुसून गेली, तर बेरजेंतून उरलेल्या दोन वजा करून ती परत मिळवितां येते. डिस्कांचें गणित थोडें निराळें असतें, आणि बेरजेची ओळही आळीपाळीनें चारही डिस्कांवर फिरत असते. परंतु तत्त्व हेंच. म्हणूनच बारा टेराबाइटचे पैसे मोजून आम्हांस नऊच वापरावयास मिळत असत. उरलेले तीन बेरजेला जात.

या युक्तींत एक मेख आहे. एक रक्कम पुसली गेली कीं, दुसरी पुसली जाण्याची सोय रहात नाहीं. नवी डिस्क घालून जुनी रक्कम पुन्हां लिहावयाची, तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. नऊ टेराबाइटचें हें पारायण आठ-दहा तास, जुन्या पेटींत त्याहूनही अधिक काळ, चालतें. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकांत, साडेबारा टेराबाइट वाचनामागें फार तर एखादी जागा वाचतां येणार नाहीं, असें लिहिलेलें असतें. प्रत्यक्षांत डिस्क याहून पुष्कळ बऱ्या वागतात. परंतु आमच्या चारही डिस्क एकाच दिवशीं एकाच दुकानांतून घेतलेल्या, बहुधा एकाच घाण्यांतून निघालेल्या, एकाच पेटींत सारखीच उष्णता सोसलेल्या. एकीचे दिवस भरले असतां दुसरीचे भरले नसतील, असें धरून चालण्यास कांहींच आधार नव्हता. सर्वांत अवघड काम त्यांना त्यांच्या म्हातारपणीं सांगावयाचें होतें.

आमचा पुतण्या संगणकाच्या धंद्यांत आहे. त्याला बोलावून घेतलें. तो म्हणाला, "काका, आधीं नवी डिस्क घालूं नका. जें हवें तें अगोदर बाहेर काढून घ्या. मग पेटी जगली काय नि मेली काय!" हा सल्ला आम्हांस फार पटला. दुसऱ्याच दिवशीं तपकीर गल्लींतून एक सुटी डिस्क आणून आम्हीं उतरून घेण्यास प्रारंभ केला. हें चाललें असतां पुतण्यानें पुढील बेत मांडला. चार खणांची नवी पेटी घ्यावी आणि तींत आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्क घालाव्या. पांचव्या प्रकारानें जोडल्या तर चोवीस टेराबाइट मिळतील. सहाव्या प्रकारानें, म्हणजे एकाऐवजीं दोन बेरजा ठेवून, जोडल्या तर सोळा मिळतील, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चिंता नाहीं. डिस्क निवडतांना ती 'कौलारू' नसल्याची खात्री करावी, असेंही त्यानें बजावलें. कौलारू छपरावर कौलांची एक ओळ दुसरीवर चढलेली असते, त्याप्रमाणें या डिस्कांवर लेखनाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. त्यामुळें तेवढ्याच जागेंत मजकूर अधिक मावतो. परंतु मधलें एक कौल बदलावयाचें झालें तर पुढच्या ओळीही उचलाव्या लागतात. डिस्क नव्यानें भरण्याच्या वेळीं हें काम अतिशय रेंगाळतें. २०२० सालीं, अशा डिस्क तसें न सांगतांच घरगुती पेट्यांसाठीं विकल्या गेल्याचें उघडकीस येऊन पुष्कळ गवगवा झाला होता. तेव्हांपासून शहाणे लोक माहितीपत्रकांत 'सीएमआर' हीं अक्षरें पाहून मगच पैसे मोजतात.

पुतण्याचा बेत निर्दोष होता, आणि आम्ही तो मान्य करण्याच्या बेतांत होतों. इतक्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं स्वयंपाकघरांतून विचारलें, "अहो, पण एवढें आहे तरी काय त्यांत?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तीन डिस्कांच्या जिवावर लटकलेलें नऊ टेराबाइटचें सामान आम्ही वांचवीत होतों, आणि त्यांत काय आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. म्हणून दोघेंही रात्रीं जेवणें आटोपल्यावर यादी करावयास बसलों. तीन रात्रींनंतर निष्पन्न झालें तें असें: वाटेल तेव्हां पुन्हां मिळूं शकतील असे चित्रपट व सॉफ्टवेअर यांनीं निम्म्याहून अधिक जागा अडविली होती, त्याच त्या छायाचित्रांच्या चार-चार प्रती होत्या, आणि ज्याच्यावांचून आमचें खरोखर अडेल असें सामान अडीच टेराबाइटच्या आंतच होतें. त्यांतही ज्यासाठीं आम्ही रडलों असतों, तें साठ गिगाबाइटदेखील नव्हतें.

त्या साठांतील ओव्या आम्हीं तिसऱ्या रात्रीं उघडल्या. जात्याची घरघर ऐकूं आली, आईनें पहिला सूर लावला, आणि बारा सेकंदांनीं सर्व थांबलें.

प्रथम वाटलें, डिस्कनें घात केला. पण फाइलीवरची तारीख पाहिली आणि सर्व आठवलें. २०१६ सालीं त्या ध्वनिमुद्रणांतील खरखर काढण्याचा उद्योग आम्हींच केला होता. नमुन्यादाखल बारा सेकंदांचा तुकडा सोलून काढला आणि निष्काळजीपणानें तो त्याच नांवानें जतन केला. चाळीस मिनिटांच्या जागीं बारा सेकंद बसले. पेटीनें आज्ञा मानली. त्याच क्षणीं बेरीजही नवी करून ठेविली. आणि चार डिस्कांनीं आमची ती चूक इतकीं वर्षें डोळ्यांत तेल घालून सांभाळली. रेडची युक्ति डिस्कच्या मरणावर इलाज आहे, धन्याच्या चुकीवर नाहीं, हें वाक्य आम्हीं वाचलें होतें. पण तें आम्हांस समजलें तें त्या रात्रीं. मूळ कॅसेट आम्हीं घर बदलतांना टाकून दिली होती. आतां ती संगणकावर आहे, मग अडगळ कशाला, असें आम्हींच म्हटल्याचेंही स्मरलें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि आजोबांच्या दोन कपाटांची आठवण होत राहिली. आजोबा शनवार पेठेंत नदीपासून जवळच एका वाड्यांत तळमजल्यावर रहात. त्यांनीं चाळीस वर्षें रोजनिशी लिहिली. एकदां कसरीनें कांहीं वह्या खाल्ल्या तेव्हां त्यांनीं धसका घेतला, आणि पेन्शनींत गेल्यावर रोज सकाळीं बसून सबंध रोजनिशीची दुसरी प्रत आपल्या हातानें तयार केली. मूळ वह्या एका कपाटांत, नकल दुसऱ्या कपाटांत. दोन्ही कपाटें एकाच खोलींत एकाच भिंतीला लागून उभीं होतीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. घरचीं माणसें वांचलीं. दोन्ही कपाटें गेलीं. आज आजोबांच्या हातचें जें कांहीं आमच्यापाशीं आहे, तीं केवळ त्यांचीं पत्रें. आणि तीं राहिलीं याचें कारण तीं त्यांच्या घरीं नव्हतीं. ज्यांना लिहिलीं त्यांनीं नागपूरला, बेळगांवला, इंदूरला आपापल्या ट्रंकेंत ठेविलीं होतीं, आणि पुढें एकेकानें आम्हांस परत दिलीं. जें आजोबांनीं जपून ठेविलें तें वाहून गेलें. जें देऊन टाकलें तें उरलें. आमच्या पेटींतील चार डिस्क म्हणजे एका भिंतीला लागून उभीं असलेलीं चार कपाटेंच होतीं, आणि पुतण्याच्या नव्या बेतांतही भिंत एकच होती.

सकाळीं उठून सोलापुरास मावशींना फोन केला. मावशींचें वय आतां ब्यायशी आहे. २००९ सालीं ओव्या उतरविल्या तेव्हां त्यांची एक सीडी आम्हीं त्यांना पाठविली होती, एवढें अंधुक स्मरत होतें. भीत भीत विचारलें. मावशी म्हणाल्या, "अरे बाळ, ती तबकडी वाजवायचें यंत्र केव्हांच बिघडलें. पण आमच्या नातवानें त्याआधींच ती माझ्या फोनमध्यें घालून दिली होती. मी ऐकतें ना. ताईच्या तिथीला तर ऐकतेंच. पण झोंप नाहीं आली म्हणजे एरवींही लावतें." तासाभरानें त्यांच्या नातवानें पाठविलेलें ध्वनिमुद्रण आमच्या फोनवर आलें. तें पुरें चाळीस मिनिटांचें होतें. आम्ही दोघें चहा निवत ठेवून ऐकत बसलों. मध्येंच एके ठिकाणीं आई ओवी थांबविते आणि मावशींना म्हणते, "अगं, हळद सांडतेय बघ." हें वाक्य आम्ही पार विसरून गेलों होतों.

यानंतर पेटीचा निर्णय करणें सोपें झालें. किती टेराबाइट हवे हा प्रश्न मागें पडला. काय राखावयाचें, तें कोठें ठेवावयाचें आणि तें कोण उघडून पाहणार, हे प्रश्न पुढें आले. छायाचित्रकारांत पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या आणि एक प्रत घराबाहेर असावी. आम्हीं त्याच नियमास धरून खरेदी केली. चार खणांच्या पेटीऐवजीं दोन खणांची घेतली. तींत आठ-आठ टेराबाइटच्या दोनच डिस्क, त्याही दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या, आरशासारख्या जोडल्या. म्हणजे एकीवर जें लिहावें तेंच दुसरीवर उमटतें. बेरजेच्या हिशेबापेक्षां हा प्रकार उधळा, कारण निम्मी जागा नकलेंत जाते. परंतु एक डिस्क गेली तर दुसरीवरून सरळ उतरून घेण्याचेंच काम उरतें. त्यास पंधरा-सोळा तास लागले तरी तीन म्हाताऱ्यांचें पारायण त्यांत नाहीं. दोन डिस्कांचा आवाज, उष्णता आणि वीजही निम्मी. वीज गेली असतां पेटीनें आपलें दप्तर नीट मिटून घ्यावें म्हणून एक लहान यूपीएसही बसविला.

एका गोष्टींत मात्र पुतण्यानें आम्हांस मोठें साहाय्य केलें. दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती, हें केवळ आरसा सांगूं शकत नाहीं. आमच्याच गांवांत भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढली. ती १९६६ सालीं पुरी झाली. सुकथनकरांनीं आणि त्यांच्या मागून आलेल्या पंडितांनीं शेंकडों पोथ्या समोर ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिला. कारण दोनच पोथ्या असत्या आणि त्यांच्यांत विरोध असता, तर निवाडा कशाच्या आधारें करावयाचा? आमच्यापाशीं शेंकडों पोथ्या नाहींत. परंतु हिशेबाच्या वहींत बेरजेचा ताळा पाहतात, तसा प्रत्येक तुकड्याचा ताळा अगोदरच लिहून ठेवणाऱ्या व्यवस्था आतां आहेत. झेडएफएस आणि बीटीआरएफएस हीं त्यांचीं नांवें. वाचतांना ताळा जुळला नाहीं, तर पेटी ती प्रत खोटी ठरवून दुसरीवरून दुरुस्त करते. शिवाय दररोज रात्रीं त्या दिवसाची स्थिति ती नोंदून ठेवते, म्हणजे चुकीनें कांहीं पुसलें तर कालच्या तारखेस जाऊन तें परत आणतां येतें. २०१६ सालीं ही सोय असती, तर आमचे बारा सेकंद दुसऱ्याच दिवशीं चाळीस मिनिटें झाले असते. अर्थात् आमची चूक आमच्या लक्षांत आली असती तर.

दोन डिस्कांचे जे पैसे वांचले, त्यांत आणखी एक सुटी डिस्क घेतली. आषाढांत आणलेली एक होतीच. या दोघींपैकीं एक नागपुरास मुलीच्या कपाटांत असते आणि एक आमच्याकडे नवें सामान उतरून घेत असते. दिवाळींत मुलगी येते तेव्हां त्यांची अदलाबदल होते. सॉलिड स्टेट डिस्क हलकी व वेगवान म्हणून तिचा मोह झाला होता. परंतु तेवढ्याच जागेला ती कितीतरी महाग पडते, आणि वीज न देतां फार काळ कपाटांत ठेविली तर तींतील साठा झिजूं शकतो, असें कळल्यावर तो विचार सोडला. त्या साठ गिगाबाइटांची आणखी एक प्रत भाड्याच्या क्लाउडमध्यें कुलूपबंद करून ठेविली आहे. अडीच टेराबाइट तेथें पाठवावयाचे तर पन्नास मेगाबिटच्या वाटेनें अखंड साडेचार दिवस लागले असते. साठ गिगाबाइट एका रात्रींत गेले.

हें सर्व करूनही आमची आतां अशी समजूत राहिलेली नाहीं कीं, एकदां पेटी घेतली म्हणजे चिंता मिटली. या डिस्कही पांच-सात वर्षांनीं म्हाताऱ्या होतील आणि तेव्हां पुन्हां यादी करावी लागेल. ती यादी सोपी व्हावी म्हणून आम्हीं दोन नेम केले आहेत. डिस्कांच्या अदलाबदलीच्या दिवशीं घरांतील सर्वांनीं मिळून तिच्यांतील कांहींतरी एक उघडून शेवटपर्यंत पहावयाचें किंवा ऐकावयाचें. नुसती फाइल दिसते यावर समाधान मानावयाचें नाहीं. आणि जें फार मोलाचें आहे, त्याची एक प्रत ज्याला त्याची माया आहे अशा माणसास देऊन ठेवावयाची. आजोबांचीं पत्रें आतां चार चुलत भावंडांच्या घरीं गेलीं आहेत.

गेल्या दिवाळींत पहिली अदलाबदल झाली. पाडव्याच्या दिवशीं फराळानंतर सर्व मंडळी बसलीं आणि आम्हीं नागपुरास जावयाच्या डिस्कवरून ओव्या लावल्या. मावशी सोलापुराहून आल्या होत्या. त्यांना त्या मुखोद्गत; आईच्या मागोमाग त्या हलकेच म्हणत होत्या. हळद सांडण्याचें वाक्य आलें तेव्हां नातवंडें हंसलीं आणि आमच्या मुलीनें विचारलें, "आजी, मग खरंच सांडली होती का?" मावशींनीं क्षणभर थांबून सांगितलें कीं, सांडली होती, आणि ती त्यांनीं पदरानें पुसली म्हणून ताई फार रागावली होती. एवढें कांहीं त्या ध्वनिमुद्रणांत नाहीं. आम्हीं तें त्याच रात्रीं लिहून काढलें आणि ओव्यांच्या शेजारीं ठेवून दिलें.